माळ्यावरची बारा बाटल्यांची पेटी

मैत्रिणींनो, दिवाळीची आवराआवर काढली की माळ्यावरून काय काय खाली उतरतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. कान तुटलेले कप, जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे, मुलांचा पाळणा, आणि 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून जपलेल्या शंभर वस्तू! गेल्या वर्षी वाघोलीच्या आमच्या घरी याच पसाऱ्यातून एक लाकडी पेटी खाली आली. वीतभर लांब, चार बोटं उंच, पितळी कडीची. आत बारा गोल खाचा आणि प्रत्येक खाचेत एकेक काचेची बाटली. बुचावर शाईने आकडे घातलेले, एकपासून बारापर्यंत.

"अगं, जपून! माझी पेटी आहे ती," खालून सासूबाई ओरडल्या.

तुमच्यातल्या कितीतरी जणींनी ओळखलीच असेल. बाराक्षाराची पेटी! आपल्याकडे पुष्कळ घरांत आजीबाईच्या बटव्याशेजारी ही पेटी ठेवलेली असायची. बटव्यात वेखंड, जायफळ, मुरडशेंग, बाळहिरडा, अतिविष, ज्येष्ठमध. ते सहाणेवर उगाळायचं, वेढे मोजायचे आणि बाळाला गुटी चाटवायची. पेटीचं मात्र काम सोपं. बूच काढा, चार गोळ्या जिभेवर ठेवा. त्यातून गोळ्या गोड, त्यामुळे मुलांना औषधाची भीती नाही. उलट 'माझंही पोट दुखतंय' म्हणून धाकटं लगेच रांगेत उभं!

या पेटीशी माझं एक जुनं भांडण आहे. ते पुढे सांगणारच आहे. पण त्या दिवशी पेटी पुसता पुसता मनात आलं, की ही आपल्या घरात आली तरी कुठून? शाळेत शिकवायची सवय, त्यामुळे प्रश्न पडला की उत्तर शोधल्याशिवाय चैन पडत नाही. शोधलं, तेव्हा कळलं की ही साधीसुधी पेटी मोठ्या खानदानातली आहे. तिचं माहेर थेट व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं!

पुस्तक आणि पेटी

होमिओपॅथीचे जनक जर्मन डॉक्टर सॅम्युअल हानेमान. जन्म 1755 चा, मृत्यू 1843 चा. 'ऑर्गेनॉन' हा त्यांचा मुख्य ग्रंथ 1810 साली निघाला. त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर काट्याने काटा काढावा. जो पदार्थ निरोगी माणसात एखादी लक्षणं उभी करतो, तोच अगदी सूक्ष्म करून दिला की तशाच लक्षणांचा आजार बरा होतो.

हे लोकांना पटलं कसं, असं आज आपल्याला वाटेल. पण त्या वेळचे इतर उपाय काय होते, तेही पाहायला हवं. ताप आला, काढा रक्त. सूज आली, लावा जळवा. पोट बिघडलं, द्या कॅलोमेल, म्हणजे चक्क पाऱ्याचं औषध! त्याने तोंड यायचं, दात हलायचे. रडणाऱ्या तान्ह्यांना अफू घातलेली सरबतं पाजत. त्या लोकांना हसू नका हं! आपल्याकडेही मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायका बाळाने दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफूची बाळागोळी देत. हौस म्हणून नव्हे. बाळाला सांभाळायला घरी कोणी नसे म्हणून. अशा काळात ना कडू, ना दाहक, ना रक्त काढणारी अशी गोड गोळी आयांना आपलीशी वाटली, तर नवल ते काय?

पण गोळी घरात पोचली ती पेटीमुळे. कॉन्स्टंटाइन हेरिंग नावाचे डॉक्टर जर्मनीतून अमेरिकेत जाऊन राहिले होते. 1835 साली त्यांनी पेनसिल्व्हेनिया प्रांतात घरगुती उपचारांचं एक पुस्तक काढलं आणि त्याच्या जोडीला औषधांची पेटी दिली. औषधांची नावं लॅटिन, जीभ अडखळेल अशी. म्हणून बाटल्यांना आकडे! पुस्तकात दुखणं शोधायचं, समोरचा आकडा पाहायचा, त्या आकड्याची बाटली उघडायची. लॅटिन न शिकलेल्या आईलाही हे जमत होतं. साधी कल्पना, पण तिने स्वयंपाकघरातल्या बाईला औषधाच्या कपाटाची किल्ली दिली.

इंग्लंडातही अशा पेट्यांची चलती झाली. ऐपतीप्रमाणे महॉगनी लाकडाच्या, कातडी, प्रवासात खिशात मावतील एवढ्या लहान. कापराचा अर्क तेवढा वेगळा ठेवायचा, कारण त्याच्या वासाने बाकीच्या औषधांचा गुण जातो अशी समजूत. हानेमान यांनी कॉफीला बंदी केलेली, म्हणून लंडनचे होमिओपॅथिक औषधविक्रेते जेम्स एप्स यांनी कोको विकायला काढला आणि तो घरोघरी गेला. पथ्याच्या पोटी असा धंदा निघाला पाहा!

अमेरिकेत 1848 साली सेनेका फॉल्स गावी स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरवणाऱ्यांत एलिझाबेथ कॅडी स्टँटन पुढे होत्या. त्यांच्याही घरी होमिओपॅथीची औषधं असत आणि स्वतःच्या मुलांबरोबर शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही त्या औषध देत. त्यांच्या पहिल्या बाळाच्या खांद्याजवळचं हाड वाकलं होतं. डॉक्टरांनी बांधलेल्या पट्टीने बाळाची बोटं निळी पडायला लागली, तेव्हा या आईने ती पट्टी सोडली आणि आपल्या हाताने, आपल्या अकलेने दुसरी बांधली. 'डॉक्टर म्हणतात ते खरं, पण माझ्या डोळ्यांना दिसतं ते खोटं कसं?' हा प्रश्न बायका विचारायला लागल्या होत्या. पेटीने त्यांना हे बळ दिलं, असं मला वाटतं.

कॉलऱ्याचा धडा

1854 साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची भयंकर साथ आली. तिथल्या गोल्डन स्क्वेअरमध्ये होमिओपॅथीचं रुग्णालय होतं. साथीनंतर हिशेब झाला, तेव्हा त्या रुग्णालयात कॉलऱ्याचे शंभरातले सोळाच्या आसपास रोगी दगावले होते आणि दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात निम्म्याहून जास्त. झालं! होमिओपॅथीवाल्यांना केवढा मोठा दाखला मिळाला.

पण आज मागे वळून पाहताना त्याचा उलगडा वेगळा होतो. कॉलऱ्यात शरीरातलं पाणी आणि मीठ वाहून जातं. अशा सुकत चाललेल्या माणसाचं रक्त काढणं, त्याला जुलाब देणं म्हणजे मरणाला आमंत्रण. गोड गोळीने रोग्याचं भलं केलं नसेल, पण वाईट तर केलं नाही! शिवाय स्वच्छता, विश्रांती, देखरेख मिळाली. पेटीचं यश बरंचसं असं होतं. ती काही करत नव्हती, आणि त्या काळात काही न करणं हेच पुष्कळदा चांगलं होतं.

आता काळ बदलला, आणि तोच गुण दोष होऊन बसला. माझं भांडण आहे ते इथेच.

पेटी आपल्याकडे आली

आपल्या देशात होमिओपॅथी रुजली ती बंगालमध्ये. डॉ. महेंद्रलाल सरकार हे कलकत्त्याचे नामांकित डॉक्टर 1867 साली उघडपणे या पंथात आले. ईश्वरचंद्र विद्यासागर उतारवयात कर्माटाडला राहिले, तिथे ते गोरगरीब संथाळांना ही औषधं देत. 1889 साली कलकत्त्यात महेश भट्टाचार्य यांची औषधांची पेढी निघाली. त्यांचं घरगुती चिकित्सेचं पुस्तक बंगाली घरांत पंचांगासारखं असे. इकडे दक्षिणेत मंगळूरजवळ कंकनाडीला फादर म्युलर या पाद्रीबाबांनी 1880 साली गरिबांसाठी होमिओपॅथीचा दवाखाना काढला. आज त्याच संस्थेचं मोठं रुग्णालय आणि ॲलोपॅथीचं कॉलेज आहे, होमिओपॅथीचंही आहे. ही गोष्ट मला बोलकी वाटते.

मराठी घरांनी मात्र जीव लावला तो बाराक्षाराला. हे विल्हेल्म शुसलर या जर्मन डॉक्टरांचं. मूळचे होमिओपॅथच, पण 1874 च्या सुमारास त्यांनी आपली वेगळी वाट काढली. शेकडो औषधं कशाला? शरीरात बारा क्षार मुख्य, त्यांचीच कमतरता म्हणजे रोग, असं त्यांनी मांडलं. बारा बाटल्यांत संसार आटोपला! आपल्याकडे हिशेबी गृहिणीला हे आवडणारच.

सासूबाई लग्न होऊन नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात आल्या, तेव्हा डॉक्टर बारा मैलांवर. संध्याकाळची एस.टी. गेली की सकाळपर्यंत देवाचाच भरवसा. गावचे पोस्टमास्तर बाराक्षाराचे जाणकार. त्यांच्याकडून सासूबाईंनी पेटी आणवली आणि कोणता आकडा कशासाठी हे शिकून घेतलं. चार नंबर तापाला, आठ नंबर पोटाच्या कळेला, नऊ नंबर पाण्यासारख्या जुलाबाला. दोन मुलं त्यांनी त्या गावात वाढवली. "रात्री पोर तापाने फणफणलं की हात बांधून बसवत नाही गं," त्या म्हणतात. "काहीतरी हाताशी आहे, एवढा तरी धीर."

हे वाक्य ऐकून मला एका बाईंची आठवण येते. आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर वाचलं असतं, हे त्यांच्या मनात रुतलं. 1883 साली त्या आगबोटीने अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकल्या आणि 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. योगायोग पाहा, पेटीवाले डॉ. हेरिंग तीनच वर्षांपूर्वी त्याच शहरात वारले होते! एकाच दुःखावर ही दोन उत्तरं. एक म्हणालं, आईच्या हाती पेटी द्या. दुसरं म्हणालं, आईला भरवशाचा डॉक्टर द्या, आणि तोही बाईमाणूस. आनंदीबाई कोल्हापूरच्या रुग्णालयात रुजू व्हायच्या होत्या, पण क्षयाने त्यांना गाठलं. फेब्रुवारी 1887 मध्ये, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती, त्या पुण्यात गेल्या. त्यांचं उत्तर पुरं व्हायला पुढे कित्येक वर्षं लागली. मधल्या काळात खेड्यापाड्यांतल्या आयांनी पेटीवरच भागवलं. त्यांना नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार?

आमची ती रात्र

माझा धाकटा तेव्हा दोन वर्षांचा होता. संध्याकाळी उलटी झाली, मग जुलाब सुरू झाले. यजमान कामासाठी परगावी. सासूबाईंनी पेटी काढली आणि चार नंबर, नऊ नंबर असं दर तासाला सुरू केलं. मला वाटलं, अनुभवी हात आहे, सकाळी पाहू. खरं सांगते, त्यांच्या शब्दाबाहेर जायचा संकोचही होता. गोळ्या पाण्याच्या घोटाबरोबर जात होत्या, पण गेलेल्या पाण्यापुढे तो घोट म्हणजे समुद्रात थेंब. पहाटे चारला मी त्याला उचललं तर मान टाकलेली, डोळे खोल गेलेले. रडत होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

नगर रस्त्यावरून रिक्षाने जाताना मी कोणता देव आठवला नाही? मुलांच्या दवाखान्यात लगेच सलाईन लावली. दुपारपर्यंत पोरगं हसायला लागलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "रात्रीतून लघवी किती वेळा झाली?" मला सांगता येईना. तेव्हा सासूबाईंनी पिशवीतून एक शाळेची वही काढून पुढे केली. उलट्या किती, जुलाब किती, कोणत्या वेळी, ताप किती, शेवटची लघवी रात्री दहाला. सगळं टिपलेलं! पेटीबरोबरच्या पुस्तकाने त्यांना ही सवय लावली होती. तहान आहे का, दुखणं रात्री वाढतं का, रोगी कोणत्या कुशीवर झोपतो, हे पाहिल्याशिवाय नंबर ठरवायचा नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तुमच्या वहीने माझं निम्मं काम केलं. पण ही वही रात्री दहालाच माझ्याकडे यायला हवी होती."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनीच पेटी माळ्यावर ठेवायला सांगितली. ती गेल्या दिवाळीला खाली आली.

मिठाचा हिशेब

तुम्हाला एक गंमत सांगते. पेटीतला नऊ नंबर म्हणजे नॅट्रम मूर. या भारदस्त नावाचा अर्थ आपलं स्वयंपाकातलं मीठ! आणि जुलाबात मुलाला हवं असतं तेही मीठच. मग चुकलं कुठे? मात्रेत. '6 एक्स'ची गोळी म्हणजे दहा लाख भागांत एक भाग मीठ, बाकी दुधातली साखर. एक गोळी 100 मिलिग्रॅमची धरली, तर मीठ एका मिलिग्रॅमचा दहा हजारावा भाग. ओ.आर.एस.च्या एक लिटर पाण्यात मीठ असतं 2.6 ग्रॅम. तेवढं मीठ गोळ्यांतून द्यायचं तर गोळ्या लागतील दोन कोटी साठ लाख! 'तीस'च्या शक्तीची होमिओपॅथिक औषधं तर यापुढची. एकास शंभर असं पातळ करणं तीस वेळा. मूळ पदार्थाचा एक कणही उरण्याची शक्यता नाही.

याच मिठाने काय होतं ते 1971 साली दिसलं. बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर, सोडा पाण्यात कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. शंभरातले तीसच्या आसपास दगावत होते, ते चारच्या खाली आले. 1854 चा तोच रोग, पण आता उपाय आईच्या हातात खराखुरा होता.

माझा कुणाच्या श्रद्धेशी झगडा नाही. आपल्याकडे 1973 च्या कायद्याने होमिओपॅथीला मान्यता मिळाली, तिचे रीतसर शिकलेले डॉक्टर आहेत. पण ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने सगळे अभ्यास तपासून 2015 साली सांगितलं, की कोणत्याही आजारावर ती गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. आणि 'गोळीने अपाय तर नाही ना' हेही नेहमीच खरं नाही. अमेरिकेत 2017 साली दात येणाऱ्या बाळांच्या होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोना हे विष कमीजास्त प्रमाणात सापडलं होतं. पण सर्वांत मोठा अपाय असतो तो वाट पाहण्याचा.

आता पेटीत काय ठेवाल?

पेटी फेकू नका. तिच्यात नवं सामान भरा. आमच्या पेटीत सध्या आहे ते असं:

1. ओ.आर.एस.ची चार पाकिटं. पाकिटावर लिहिलेल्या मापाएवढ्याच, उकळून गार केलेल्या पाण्यात एक पाकीट. ते पाणी चोवीस तासांत संपवा, उरलं तर टाका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंदाजपंचे नको, मीठ जास्त झालं तर घातक. घोटघोट पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा.

2. थर्मामीटर आणि पॅरासिटामॉल. मुलाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घेऊन बाटलीला चिकटवा. पावसाळ्यात तापाला ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

3. कापूस, गॉज, पट्ट्या, कात्री, टॉर्च. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काही नको.

4. पाठीवर मोठ्या अक्षरांत नंबर: आपले डॉक्टर, जवळचं रुग्णालय, रुग्णवाहिकेसाठी 108.

5. आणि सासूबाईंची ती वही, पेन्सिलीसकट!

वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, कधी थांबायचं नाही ते: डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, सहा तासांत लघवी नाही, मूल काही पीत नाही किंवा मान टाकतं, जुलाबात रक्त, श्वासाला छाती आत ओढली जाते, झटका आला, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, विंचू-साप चावला. यातलं एक जरी दिसलं तरी पेटी बंद आणि पायात चपला!

आणि बटव्याचं म्हणाल, तर सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूधच पुरे. गुटीसुद्धा नको.

बारा बाटल्या सासूबाईंनी धुऊन ठेवल्या आहेत. एकीत सेफ्टी पिना, एकीत बटणं. नऊ नंबरच्या बाटलीत त्यांनी काय भरलं असेल? मीठ! धाकटा विचारतो, "आजी, हे औषध आहे का गं?"

"आहे की," त्या म्हणतात. "पण बेताने घातलं तर."